संमती कोणाची? ब्राउझरमधील नकोशा जाहिरात-एक्स्टेन्शनांच्या उच्चाटनाचा इतिहास (१९९७ ते २०२५)

प्रास्ताविक

आंतरजाल पाहण्यासाठी जी आज्ञावली वापरली जाते तिला आपण ब्राउझर म्हणतो. मराठीत तिच्यासाठी 'न्याहाळक' असा प्रतिशब्दही सुचविला गेला आहे. न्याहाळणारा तो वापरकर्ता, असे या शब्दात गृहीत आहे. प्रत्यक्षात मात्र १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून या न्याहाळकातच वस्तीला येऊन वापरकर्त्याला न्याहाळणाऱ्या, त्याच्या शोधाची दिशा परस्पर बदलणाऱ्या आणि त्याने उघडलेल्या पृष्ठांवर स्वतःच्या जाहिराती चिकटविणाऱ्या छोट्या आज्ञावलींचा सुळसुळाट झाला. त्यांना 'अ‍ॅडवेअर' ही संज्ञा मिळाली. नेहमीच्या मुखपृष्ठाऐवजी अनोळखी शोधपृष्ठ उघडणे, बातमी वाचताना मधल्याच शब्दांना जाहिरातींचे दुवे फुटणे, काढून टाकलेली पट्टी संगणक पुन्हा सुरू करताच जागेवर हजर होणे, हे अनुभव असंख्य वापरकर्त्यांनी घेतले आहेत.

या विषयाकडे बहुधा तांत्रिक दुरुस्तीची बाब म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. एखादी आज्ञावली 'नकोशी' आहे हे ठरविण्याचा आणि ती काढून टाकण्याचा अधिकार कोणाचा, हा या इतिहासाचा मध्यवर्ती प्रश्न होय. हा अधिकार वापरकर्त्याकडून स्वयंसेवकांकडे, तेथून न्यायालयांकडे व अखेरीस ब्राउझरनिर्मात्या कंपन्यांकडे कसा गेला, याचा मागोवा घेणे हे लेखाचे उद्दिष्ट आहे. 'एक्स्टेन्शन' ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने, म्हणजे ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या सर्व प्रकारच्या पूरक आज्ञावलींसाठी वापरली आहे.

१. दार होते, पण यादी नव्हती (१९९७ ते २००४)

ऑक्टोबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरची चौथी आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात 'ब्राउझर हेल्पर ऑब्जेक्ट' नावाची सोय होती. कोणत्याही कंपनीने आपल्या आज्ञावलीची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत ठराविक जागी केली, की ब्राउझर सुरू होताना ती आज्ञावली आपोआप त्याच्यासोबत सुरू होई. उघडलेले प्रत्येक पृष्ठ ती वाचू शके आणि त्यात बदलही करू शके. या सोयीमागील हेतू वाईट नव्हता. ब्राउझरच्या चौकटीतच पीडीएफ दस्तऐवज उघडण्यासाठी अ‍ॅडोबी कंपनीने तिचा उपयोग केला. डिसेंबर २००० मध्ये आलेला गूगलचा टूलबार अनेकांनी स्वेच्छेने घेतला होता.

दोष दुसऱ्या ठिकाणी होता. ब्राउझरला काय काय जोडले गेले आहे हे पाहण्याची कोणतीही सोय वापरकर्त्यापाशी नव्हती. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीसाठी 'सर्व्हिस पॅक २' आला, तेव्हा कोठे इंटरनेट एक्सप्लोररमध्ये जोडण्यांची यादी दाखविणारी व त्या बंद करू देणारी खिडकी प्रथमच उपलब्ध झाली. म्हणजे दार उघडल्यानंतर आत कोण आले हे घरमालकाला कळण्यास जवळजवळ सात वर्षे लागली. या सात वर्षांतच अ‍ॅडवेअरचा व्यवसाय उभा राहिला, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

या व्यवसायाचे अर्थकारण साधे होते. गाणी किंवा चित्रफिती मिळविण्याच्या, अर्ज भरून देण्याच्या अथवा पडदा सजविण्याच्या आज्ञावली फुकट द्यायच्या व त्यांच्यासोबत जाहिरातींची आज्ञावली बसवायची, अशी ही रीत होती. प्रत्येक नव्या संगणकामागे वितरकाला ठराविक रक्कम मिळे. वापरकर्त्याची 'संमती' लांबलचक करारनाम्याच्या पोटात दडलेली असे. त्याने 'पुढे' हे बटण दाबले की करार पूर्ण झाल्याचे मानले जाई. कायद्याच्या अक्षराशी सुसंगत आणि त्याच्या आशयाशी विसंगत अशा या संमतीतूनच पुढील सर्व संघर्ष उद्भवला.

२. स्वयंसेवी उच्चाटनाचा काळ

उच्चाटनाची पहिली साधने मोठ्या कंपन्यांकडून आली नाहीत. अमेरिकेतील प्रोग्रामर स्टीव्ह गिब्सन यांना स्वतःच्या संगणकावर ऑरिएट या कंपनीची जाहिरात-आज्ञावली आढळली. ती काढण्यासाठी त्यांनी २००० मध्ये 'ऑप्टआउट' हे साधन तयार केले. लाव्हासॉफ्टचे 'अ‍ॅड-अवेअर' आणि जर्मन प्रोग्रामर पॅट्रिक कोला यांचे 'स्पायबॉट' ही साधनेही त्याच सुमारास लोकप्रिय झाली. प्रस्थापित विषाणूरोधक कंपन्या त्या वेळी या प्रश्नापासून काहीशा दूर होत्या. विषाणू चोरून येतो, अ‍ॅडवेअर मात्र करारनामा दाखवून येते, हा भेद त्यांना अडचणीचा वाटत होता.

नेदरलँड्समधील विद्यार्थी मेरिन बेल्लेकॉम यांचे 'हायजॅकदिस' हे साधन या काळाचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट करते. ते कोणतीही आज्ञावली चांगली की वाईट याचा निवाडा करीत नसे. मुखपृष्ठ व शोधपृष्ठाच्या नोंदी, ब्राउझर हेल्पर ऑब्जेक्ट, टूलबार अशा ज्या ज्या जागी बाहेरची आज्ञावली स्वतःला जोडून घेऊ शकते, त्या जागांची ते केवळ यादी करी. ही यादी वापरकर्ता जाणकार स्वयंसेवकांना दाखवी आणि त्यांच्या सल्ल्याने एकेका नोंदीपुढे खूण करून ती काढून टाकी. वेळखाऊ असली तरी या पद्धतीत निर्णय अखेरीस वापरकर्त्याचाच राही आणि आपल्या संगणकात काय चालले आहे याचे थोडेबहुत ज्ञानही त्याला मिळे. २००७ मध्ये हे साधन ट्रेंड मायक्रो या कंपनीने विकत घेतले.

अ‍ॅडवेअरचे निर्मातेही स्वस्थ बसले नव्हते. २००३ पासून पसरलेल्या 'कूलवेबसर्च' या कुटुंबातील आज्ञावली ब्राउझरमधील त्रुटींचा लाभ घेऊन शिरकाव करीत आणि वरचेवर रूप पालटीत. त्यांच्यासाठी बेल्लेकॉम यांना स्वतंत्र साधन लिहावे लागले. एक घटक काढला तर दुसऱ्याने तो पुन्हा बसवावा, अशी जोडीची रचना सर्रास आढळू लागली. त्यामुळे काढण्याच्या क्रमाला महत्त्व आले. पडद्यावर दिसणारी पट्टी आधी काढून उपयोग होत नसे. तिला पुन्हा बसविणारी मूळ आज्ञावली थांबवून विंडोजमधून काढावी लागे, त्यानंतर ब्राउझरमधील जोडणी काढावी लागे व शेवटी बदललेली मुखपृष्ठाची आणि शोधाची मांडणी पूर्ववत करावी लागे. साधने बदलली तरी उच्चाटनाचा हा क्रम पुढेही टिकून राहिला.

३. शब्दांचा आणि न्यायालयांचा संघर्ष (२००२ ते २००९)

गेटर कॉर्पोरेशन या कंपनीची आज्ञावली वापरकर्त्याचे अर्ज व सांकेतिक शब्द भरून देई आणि त्या बदल्यात इतरांच्या संकेतस्थळांवर स्वतःच्या जाहिराती झळकवी. २००२ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स इत्यादी वृत्तपत्र-प्रकाशकांनी तिच्याविरुद्ध दावा दाखल केला. २००३ मध्ये तो तडजोडीने मिटला. त्याच वर्षी गेटरने आपल्या आज्ञावलीला 'स्पायवेअर' म्हणणाऱ्या एका संकेतस्थळाविरुद्ध दावा लावला आणि स्वतःचे नाव बदलून 'क्लारिया' असे केले. वादाचा केंद्रबिंदू आता आज्ञावलीकडून तिच्या नावाकडे सरकला होता. एखाद्या वस्तूला काय म्हणायचे हे ठरले, की ती काढून टाकणे न्याय्य आहे की नाही हेही ठरत असते. 'संभाव्य नकोशी आज्ञावली' ही पुढे सर्वत्र रूढ झालेली सावध संज्ञा या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २००४ मध्ये स्पायवेअरसंबंधीचा आपला पहिला खटला सिस्मिक एंटरटेनमेंट या कंपनीविरुद्ध दाखल केला. या प्रकरणातील आरोप उद्बोधक आहे. प्रतिवादींनी लोकांच्या संगणकांत परस्पर आज्ञावली घुसविल्या, त्यांची मुखपृष्ठे बदलली, जाहिरातींचा मारा केला आणि मग त्याच त्रासावर उपाय म्हणून सुमारे ३० डॉलर किमतीच्या 'स्पायवेअररोधक' आज्ञावलीची जाहिरात दाखविली. रोग देणाऱ्यानेच औषध विकावे, असा हा प्रकार होता. उच्चाटनाचे साधन हेच फसवणुकीचे साधन होऊ शकते, हे येथे उघड झाले.

नोव्हेंबर २००६ मध्ये झँगो (पूर्वीचे नाव १८० सोल्युशन्स) या कंपनीने ३० लाख डॉलर भरून आयोगाशी तडजोड केली. आयोगाच्या म्हणण्यानुसार तिच्या आज्ञावली ७ कोटींहून अधिक वेळा संगणकांवर उतरल्या होत्या आणि त्यांनी ६९० कोटींहून अधिक जाहिराती दाखविल्या होत्या. या काळात आयोगाच्या भूमिकेतून तीन सूत्रे पुढे आली. संगणक हा वितरकाचा नसून ग्राहकाचा आहे, करारनाम्यात पुरून ठेवलेली सूचना ही सूचना नव्हे, आणि ग्राहकाला जी आज्ञावली नको आहे ती काढता अथवा बंद करता आलीच पाहिजे, अशी ती सूत्रे होत. काढून टाकण्याची क्षमता हा संमतीचाच एक भाग आहे, हा विचार त्यामुळे अधिकृतपणे मांडला गेला.

दुसरा महत्त्वाचा निर्णय २००९ मधील आहे. आपल्या आज्ञावली अडविल्याबद्दल झँगोने कॅस्परस्की या विषाणूरोधक कंपनीवर दावा लावला होता. नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने जून २००९ मध्ये कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला. १९९६ च्या कम्युनिकेशन्स डीसेन्सी कायद्यातील कलम २३० नुसार आक्षेपार्ह मजकूर अडविण्याची साधने पुरविणाऱ्यांना संरक्षण आहे, असे न्यायालयाने मानले. निकाल लागण्यापूर्वीच, एप्रिल २००९ मध्ये, झँगो बंद पडली होती. मात्र याच निकालात एका न्यायमूर्तींनी स्वतंत्र मत नोंदवून या संरक्षणाचा गैरवापर होण्याचा धोका दाखविला होता. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, एनिग्मा विरुद्ध मालवेअरबाइट्स या खटल्यात त्याच न्यायालयाने प्रतिस्पर्ध्याला बाजारातून हटविण्याच्या हेतूने 'नकोशी' असा शिक्का मारल्यास हे संरक्षण मिळणार नाही, अशी मर्यादा घातली. या खटल्यातील दोन्ही पक्ष उच्चाटनाचीच साधने विकणारे होते, ही बाब लक्षणीय आहे.

४. विश्वासाची खरेदी-विक्री

फायरफॉक्सची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला व २०१० पासून त्याच्या स्थिर आवृत्तीत एक्स्टेन्शनांची सोय झाली. आता जोडण्यांची यादी वापरकर्त्याला दिसत होती व एका कळीने त्या काढताही येत होत्या. तरीही अ‍ॅडवेअर संपले नाही. त्याने मार्ग बदलला.

पहिला मार्ग जुनाच होता. दुसऱ्या आज्ञावलीसोबत, आधीच खूण केलेल्या चौकटीतून ते येत राहिले. जावासोबत येणारा 'आस्क'चा टूलबार हे याचे सुपरिचित उदाहरण असून त्याच्या जुन्या आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्टने जून २०१५ मध्ये नकोशा आज्ञावलींत गणले. दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म होता. लोकांनी विश्वासाने घेतलेले एक्स्टेन्शन विकत घ्यायचे आणि स्वयंचलित अद्ययावतीकरणातून त्यात जाहिराती घालायच्या. भारतीय तंत्रलेखक अमित अग्रवाल यांनी अल्पावधीत तयार केलेले 'अ‍ॅड टू फीडली' हे एक्स्टेन्शन एका अपरिचित खरेदीदाराला विकले. पुढे त्यात जाहिराती शिरल्याचे दिसल्यावर आपण ते विकायला नको होते, अशी जाहीर कबुली त्यांनी दिली. जानेवारी २०१४ मध्ये गूगलने ते काढून टाकले. वीस लाखांहून अधिक वापरकर्ते असलेले 'द ग्रेट सस्पेंडर' हे एक्स्टेन्शनही २०२० मध्ये असेच हस्तांतरित झाले व फेब्रुवारी २०२१ मध्ये ते धोकादायक ठरवून हटविण्यात आले. या प्रकरणांत वापरकर्त्याने दिलेली संमती खरी होती, परंतु ती ज्याला दिली त्याच्याऐवजी दुसराच तिचा उपभोग घेत होता.

प्रश्नाची व्याप्ती २०१५ मध्ये गूगल व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांच्या अभ्यासाने पुढे आणली. गूगलच्या संकेतस्थळांना भेट देणाऱ्यांपैकी ५ टक्क्यांहून अधिक जणांच्या ब्राउझरमध्ये पृष्ठांवर जाहिराती घुसविणारी किमान एक आज्ञावली आढळली. त्याच वर्षी लेनोवोच्या काही संगणकांत कारखान्यातूनच बसवून आलेल्या 'सुपरफिश'चे प्रकरण गाजले. जाहिराती घालण्यासाठी या आज्ञावलीने सुरक्षित संपर्काची प्रमाणपत्रव्यवस्थाच पोखरली होती. ती आज्ञावली काढली तरी तिचे प्रमाणपत्र मागे उरे व ते वेगळे काढावे लागे. अ‍ॅडवेअर हे केवळ उपद्रवी आहे, घातक नाही, हा समज येथे टिकला नाही.

याच काळात उच्चाटन पुन्हा अवघड झाले. एखाद्या संस्थेने आपल्या सर्व संगणकांवर सक्तीने एक्स्टेन्शन बसवावे, यासाठी ब्राउझरमध्ये धोरणांची सोय असते. अ‍ॅडवेअरने घरगुती संगणकांवर तिचाच वापर केला. परिणामी 'काढून टाका' ही कळ निष्प्रभ होई आणि हा ब्राउझर संस्थेमार्फत व्यवस्थापित आहे, असा संदेश एकट्या गृहस्थाला दिसे. अशा वेळी रजिस्ट्रीतील धोरणाची नोंद पुसल्यावाचून पुढचे पाऊल टाकता येत नाही. ब्राउझरच्या खात्यातून एका संगणकावरील एक्स्टेन्शन दुसऱ्यावर आपोआप पोहोचत असल्याने सर्व संगणक एकत्रच स्वच्छ करावे लागतात, ही अडचण आणखी वेगळी.

५. किल्ली द्वारपालाकडे

या सर्व प्रकारांना ब्राउझरनिर्मात्यांनी दिलेले उत्तर एकाच दिशेचे होते. नोव्हेंबर २०११ मधील फायरफॉक्सच्या आठव्या आवृत्तीने अन्य आज्ञावलींनी परस्पर बसविलेली एक्स्टेन्शने वापरकर्त्याने मान्यता देईपर्यंत बंद ठेवली. क्रोमने २०१३ मध्ये अशी मूक स्थापना थांबविली आणि मे २०१४ पासून विंडोजवर केवळ आपल्या अधिकृत दालनातीलच एक्स्टेन्शने चालू दिली. मोझिलाने २०१६ पर्यंत सर्व एक्स्टेन्शनांना आपली स्वाक्षरी सक्तीची केली. क्रोममध्ये स्वच्छतेचे साधनही अंतर्भूत झाले व २०१७ मध्ये ईसेट या कंपनीच्या साहाय्याने ते सुधारण्यात आले. मार्च २०२३ मध्ये गूगलने हे साधन बंद केले. त्याआधीच्या महिन्यात वापरकर्त्यांनी केलेल्या तपासण्यांपैकी केवळ ०.०६ टक्क्यांत नकोशी आज्ञावली सापडल्याचे कारण त्या वेळी दिले गेले.

हे यश नाकारता येत नाही. तथापि त्याची दुसरी बाजूही इतिहासकाराने नोंदविली पाहिजे. कोणते एक्स्टेन्शन चालावे हे ठरविण्याची किल्ली आता ब्राउझरनिर्मात्याकडे आली. २०१८ मध्ये प्रस्तावित झालेल्या 'मॅनिफेस्ट व्ही३' या नियमावलीने एक्स्टेन्शनांची पृष्ठांच्या मागण्या थेट अडविण्याची क्षमता काढून घेतली व त्याऐवजी आधी जाहीर केलेल्या, मर्यादित संख्येच्या नियमांची पद्धत आणली. सुरक्षितता, खासगीपणा व वेग ही कारणे गूगलने दिली. त्यात तथ्य आहे, कारण याच क्षमतेचा अ‍ॅडवेअरनेही दुरुपयोग केला होता. परंतु २०२४-२५ मध्ये जुनी पद्धत क्रोममधून बंद होताच 'यूब्लॉक ओरिजिन' हे जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन आपल्या पूर्ण रूपात तेथे चालेनासे झाले. मोझिलाने मात्र ही जुनी क्षमता कायम ठेवण्याचे धोरण जाहीर केले. जाहिरात घुसविणाऱ्याला रोखण्यासाठी उभारलेल्या भिंतीने जाहिरात रोखणाऱ्यालाही अडविले, आणि भिंतीचा मालक स्वतः जाहिरातींवर चालणारा उद्योग होता.

६. भारतीय संदर्भ

भारतातील वापरकर्ता या घडामोडींपासून दूर नव्हता. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने 'फायरबॉल' या ब्राउझर ताब्यात घेणाऱ्या अ‍ॅडवेअरविषयी जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यात जगभरातील २५ कोटींपैकी सर्वाधिक, म्हणजे सुमारे २.५३ कोटी बाधित संगणक भारतातील असल्याचे म्हटले होते. मायक्रोसॉफ्टने हा अंदाज अतिरंजित असल्याचे सांगितले, त्यामुळे तो सावधपणेच वापरला पाहिजे. शासनाने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. संगणक स्वच्छ करणारी मोफत साधने त्यामार्फत उपलब्ध करून देण्यात आली. ती पुरविणाऱ्यांत कैलास व संजय काटकर या बंधूंनी पुण्यात उभारलेल्या क्विक हील या कंपनीचा समावेश होता.

कायद्याच्या दृष्टीने २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ४३ महत्त्वाचे ठरते. मालकाच्या परवानगीवाचून संगणकात दूषित आज्ञावली घालणाऱ्याला त्यात नुकसानभरपाईस पात्र ठरविले आहे. परंतु 'परवानगी' याच शब्दापाशी अ‍ॅडवेअर आपला करारनामा पुढे करते. या दृष्टीने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेली 'डार्क पॅटर्न्स' प्रतिबंधक मार्गदर्शक तत्त्वे पुढचे पाऊल मानावी लागतात. त्यांत वर्णिलेल्या १३ प्रकारांत संदिग्ध प्रश्न विचारणे, पडद्याच्या रचनेतून दिशाभूल करणे आणि संगणकात विषाणू असल्याची खोटी भीती घालून खर्च करायला लावणे यांचा समावेश आहे. सिस्मिक प्रकरणातील युक्तीशी या शेवटच्या प्रकाराचे साम्य सहज ध्यानात येते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की नकोशी एक्स्टेन्शने काढून टाकण्याच्या प्रत्येक टप्प्यावर वापरकर्त्याला संरक्षण मिळाले, परंतु त्याच वेळी निर्णयाचा थोडा थोडा अधिकार त्याच्या हातून गेला. हायजॅकदिसच्या काळात त्याला यादी वाचावी लागे. आज यादी त्याच्या वतीने दुसरा कोणी वाचतो. सामान्य माणसाला तांत्रिक ज्ञानाची सक्ती करणे न्याय्य नाही, म्हणून जुन्या काळाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मात्र सोयीसाठी सोपविलेला अधिकार सोपविलेलाच आहे, दान केलेला नाही, याचे भान सुटता कामा नये.

यावर सर्वस्वी तांत्रिक उत्तर संभवत नाही. ब्राउझरमधील एक्स्टेन्शनांची यादी अधूनमधून उघडून पाहणे, प्रत्येकाला कोणकोणती पृष्ठे वाचण्याची परवानगी दिली आहे हे तपासणे आणि ज्याचे प्रयोजन आठवत नाही ते काढून टाकणे, ही कृती लहान असली तरी तिच्यात नागरी जबाबदारीचा अंश आहे. संगणक ज्याचा, संमती त्याची, आणि दिलेली संमती परत घेण्याचा हक्कही त्याचाच. पाव शतकाच्या या इतिहासात हे तत्त्व अनेकदा मांडले गेले. त्याचा पूर्ण अंमल अद्याप व्हावयाचा आहे.